मांजरेकर काकांची वाईन सहल

आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, राहणारे मांजरेकर काका चहा पीत नाहीत, तपासतात. कप हातात आला की आधी तो गोल गोल फिरवतात. मग खिडकीच्या उजेडाकडे धरतात. चिनी मातीच्या कपातला चहा उजेडाकडे धरून काय दिसतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मग नाक आत घालतात, इतकं आत की शेंड्याला साय लागते, आणि डोळे मिटून निकाल देतात, "आधी गवती चहा. मागाहून आलं. दूध मात्र कालचं."

आई दर वेळी दुखावते. दूध दर वेळी कालचंच असतं, हा भाग वेगळा.

चहाच असं नाही, काका सगळंच हुंगतात. लिफ्टमध्ये शिरले की एक खोल श्वास घेऊन आपल्याआधी कोण वर गेलं ते सांगतात. राऊत काकूंच्या आमटीत चिंच आहे की आमसूल, हे जिन्यातून ओळखतात आणि चुकलं तरी मत बदलत नाहीत. एकदा त्यांनी माझ्या नव्या छत्रीचा वास घेतला आणि म्हणाले, "रबर. शेवट थोडा कडवट."

हे सगळं त्यांनी वाईनसाठी शिकून घेतलं आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून, तेही आवाज पूर्ण मोठा करून, त्यामुळे खालच्या मजल्यावर आम्हीही शिकलो. वाईन कशी फिरवायची, कशी हुंगायची, जिभेवर कुठे थांबवायची, तोंडातल्या तोंडात कशी खळबळायची आणि थुंकायची कधी, हे काकांना सगळं येतं. फक्त वाईनचा एक थेंब त्यांनी उभ्या जन्मात चाखलेला नाही. पोहायचं पुस्तक पाठ केलेल्या माणसाने गावाला नदीवर न्यायला निघावं, तसे ते गेली दोन वर्षं आमच्या सोसायटीला नाशिकच्या डोंगरातल्या द्राक्षमळ्यांत न्यायला निघाले आहेत. अजून मुलुंडचा चेकनाका ओलांडलेला नाही.

काका नोकरीला होते सरकारच्या उत्पादन शुल्क खात्यात. जुनी माणसं त्याला अजून दारूबंदी खातंच म्हणतात. तिथून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. परवाने, शिक्के आणि ड्राय डेची परिपत्रकं, हे त्यांचं राज्य. कुठल्या दिवशी दारूची दुकानं बंद राहणार, तो कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, असं ते सांगतात. सांगताना मान अशी ताठ होते, जणू त्यांच्या एका होकारावर अख्खी मुंबई तहानलेली राहायची.

"आयुष्य बाटल्यांच्या कागदांत गेलं, कॉन्व्हेंट. पण झाकण एकदा उघडलं नाही."

कॉन्व्हेंट म्हणजे मी. माझं नाव मैथिली आहे, पण मी इंग्रजी शाळेत शिकले आणि एकोणसाठ म्हणजे नेमके किती, हे जुळवायला मला अजून क्षणभर लागतो, एवढा गुन्हा काकांना पुरला. झाकण न उघडण्यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे, असं मला विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही. मी सहसा काहीच विचारत नाही. पवईच्या ऑफिसातसुद्धा मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं तर लोक वळून बघतात, आणि लोकांनी वळून बघणं मला मुळीच आवडत नाही.

नंदाकाकी होत्या तोवर मांजरेकर काकांना इमारतीत कुणी फारसं ओळखत नव्हतं. ओळखायचे ते काकींना. रविवारी त्यांचं दार उघडंच असायचं. मालवणकडचे भाचे, चुलत दीर, कुणाचा तरी इंटरव्ह्यूला आलेला मुलगा, सगळे तिथे जेवायला. काकी स्वयंपाकघरातून मालवणीत एक हाक मारायच्या, काका बाहेरून मालवणीतच कुरकुरायचे. बाकी सगळ्या जगाशी ते ऑफिसातल्या टिपणीसारखं मराठी बोलत. मालवणी फक्त काकींसाठी राखून ठेवलेली. मग काकी गेल्या. मूलबाळ नव्हतं. पाहुणे तेराव्याला आले, वर्षश्राद्धाला आले, आणि त्यानंतर इंटरव्ह्यूला येणारी मुलंही बहुतेक दुसरीकडे कुठेतरी उतरायला लागली.

आणि एके दिवशी खाली फळ्यावर कागद लागला. 'द्राक्षसहल नियोजन समिती. पहिली सभा रविवारी सकाळी दहा वाजता मांजरेकर यांच्या घरी. पोहे दिले जातील.'

"यांना सहल नकोय गं, सभा हवीय," आई म्हणाली. "जन्मभर साहेबांच्या सभांना खुर्च्या मांडल्या, आता स्वतः अध्यक्ष व्हायचंय."

मलाही तेच वाटलं. आईचं आणि माझं क्वचितच एकमत होतं.

समितीत एकूण माणसं मोजकी. सोसायटीचे सेक्रेटरी भिडे काका, ज्यांच्याशिवाय आमच्याकडे उंदीर मारायचं औषधही आणता येत नाही. पहिल्या मजल्यावरच्या राऊत काकू, ज्यांना घरातून बाहेर पडायला कारण लागतं. शाह अंकल, जे पोह्यांसाठी येतात आणि ते लपवत नाहीत. आणि मी. मी आपणहून आले नव्हते. मला बाबांनी दान केलं.

"आमच्या मैथिलीला घ्या," ते जिन्यात काकांना म्हणाले. "इंग्लिश फर्स्ट क्लास. वायनरीवाल्यांशी तीच बोलेल."

बाबा स्वतः समितीपासून चार हात लांब. ते महिन्यातून एकदा 'ऑफिसच्या पार्टीत' घेतात, ही गोष्ट सगळ्या इमारतीला माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

तर दर रविवारी सकाळी मी वरच्या मजल्यावर. सभा दहाला, पण आमच्या छतावर खुर्च्या ओढल्याचा आवाज सातपासूनच. खर्रर्र. थांबायचं. पुन्हा खर्रर्र. चार माणसांच्या बैठकीला एवढं काय मांडायचं असतं, असं उशी कानावर घेऊन मी म्हणायची. वर गेलं की माझी खुर्ची ठरलेली. फ्रिज आणि शोकेस यांच्या मधल्या खाचेत. तिथून मला सगळे दिसायचे आणि मी कुणाला धड दिसत नसे. खोली लहान, शेवटची खुर्ची मावायची तिथे, असं मी धरून चालले होते.

पोहे सुरुवातीला भयंकर असायचे. कधी गोळा, कधी चुरमुरे. शाह अंकल ते खायचे आणि म्हणायचे, "मांजरेकर, आज क्या बनाया है, लापशी?" काका मान हलवून म्हणायचे, "सुधारणा होईल." खरोखर झाली. दोन वर्षांत एवढी एकच गोष्ट पुढे सरकली.

बाकी काहीच सरकू नये, याची व्यवस्था काकांकडे होती. त्यांची दोन वाक्यं होती. पहिलं, "घाई नको. द्राक्ष एका दिवसात पिकत नाही." दुसरं, "हा मुद्दा पुढच्या रविवारी घेऊ." या दोन वाक्यांच्या बळावर त्यांनी बसमध्ये कोण कुठे बसणार हा प्रश्न दिवाळीपासून होळीपर्यंत चालवला. कसाऱ्याच्या घाटात ज्यांना उलटी होते ते पुढे, हे तत्त्व मान्य झालं. पण उलटी होते हे कबूल करायला कुणी तयार होईना.

"मला कधीच होत नाही," राऊत काकू म्हणाल्या.

"मग तुम्ही मागे," भिडे काका म्हणाले.

"मागे का? मागे मला होते."

"हा मुद्दा पुढच्या रविवारी घेऊ," काका म्हणाले.

सहल 'मार्गदर्शित' असणार होती, आणि मार्गदर्शक अर्थात काका. रस्त्यावरच्या प्रत्येक ठिकाणी काय बोलायचं हे त्यांनी तयार केलं होतं, आणि ते आम्हाला सभेत उभं राहून म्हणून दाखवायचे, एक हात वर धरून, जणू बसचा दांडा धरलाय. "आता आपण घाट चढत आहोत. डाव्या हाताला सह्याद्री. उजव्या हाताला..." इथे ते थांबायचे. "उजव्या हाताला काय आहे, ते तिथे गेल्यावर सांगेन."

मग तालीम. वाईन चाखण्याची. तांबडी वाईन म्हणून कोकम सरबत, पांढरी म्हणून लिंबू सरबत. काकींचे शोकेसमधले फुलाफुलांचे ग्लास बाहेर निघाले. मधोमध थुंकायला एक स्टीलची कळशी ठेवली. काका प्रत्येकाच्या समोर उभे राहून देखरेख करत होते.

"वहिनी, मनगटातून फिरवा. ताक घुसळताय तसं नको. हां. आता हुंगा. काय येतंय?"

"कोकमाचा वास येतोय."

"त्याच्या मागे?"

"मागे काय असणार? साखर!"

"आता एक घोट. तोंडात फिरवा. गिळू नका. थुंका."

राऊत काकूंनी कळशीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि घोट गिळून टाकला. "अन्न थुंकायचं नसतं. माझी आई पाठीत धपाटा घालायची."

"अहो, पण नाशिकला हे गिळलंत तर चढेल!"

"मी तिथे पिणारच नाहीये, तर चढेल कशी?"

भिडे काकांनी थुंकून दाखवलं. नेम त्यांचा त्यांच्याच लेंग्यावर बसला. शाह अंकलनी तिसरा ग्लास पुढे केला. "वाईन का पता नहीं, ॲसिडिटी में एकदम मस्त है." मी माझ्या खाचेत बसून हे बघत होते, आणि मनातल्या मनात माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीला सांगायला वाक्यं जुळवत होते. सगळी इंग्रजीत, आणि एकही चांगलं नाही.

आणि तारीख. तारखेवर एक अख्खं वर्ष गेलं. सोमवारी राऊत काकूंचा उपास. मंगळवारी भिडे काकांच्या घरात 'तसलं काही' चालत नाही, बघायलासुद्धा नाही. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. बुधवारी शाह अंकलच्या दुकानात माल उतरतो. राहिला शुक्रवार.

"शुक्रवारी माझं आंबट बंद असतं," राऊत काकू म्हणाल्या.

"वहिनी, तुमच्या शुक्रवारांचं उद्यापन कधीच झालं. आम्ही जेवून गेलो त्याला," भिडे काका.

"झालं हो. पण मनाला कसंतरीच होतं."

"पण तुम्ही पिणार नाही ना?"

"पिणार नाहीच. पण मुद्दाम आंबटाच्या गावाला कशाला जायचं?"

शेवटी शाह अंकल वैतागले. "अरे संडे को चलो ना! किसी का उपास नहीं, सबको छुट्टी. बात खतम."

इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नव्हती. काकांनी हातातला कप हळूच खाली ठेवला.

"रविवारी कसं जमेल?" ते म्हणाले. "रविवारी सभा असते."

"अहो, सभा सहलीसाठीच आहे ना?" भिडे काका.

"तेच म्हणतो मी. सभा बुडवून सहलीला जायचं, हे नियमात बसत नाही."

आमच्या समितीची बौद्धिक पातळी सांगते. हे सगळ्यांना पटलं. भिडे काकांना तर जास्तच, कारण त्यात नियम हा शब्द होता.

पण इमारतीत लोक हसायला लागले होते. लिफ्टमध्ये कुणीही विचारायचं, "काय मग सेक्रेटरी, बस लागली का?" भिडे काकांना सगळं सहन होतं, लिफ्टमधलं हसू होत नाही. जानेवारीच्या सुरुवातीच्या सभेत त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"मांजरेकर, आज तारीख हवी. नाहीतर समिती बरखास्त. मी सेक्रेटरी म्हणून सांगतोय, शेजारी म्हणून नाही."

"घाई नको. द्राक्ष एका..."

"द्राक्षाचा मनुका झाला हो! तारीख सांगा."

काकांनी मान वर केली. भिंतीवरच्या काकींच्या फोटोकडे बघत होते की त्याच्या खालच्या घड्याळाकडे, ते कळत नव्हतं. मग एकदम म्हणाले, "सव्वीस जानेवारी."

सगळे चाट. सव्वीस जानेवारी शुक्रवारी येत होता. सुट्टी. ना उपास ना तापास. राऊत काकूसुद्धा विरघळल्या, "राष्ट्रीय सण आहे. देवी समजून घेईल." भिडे काकांनी लगेच सूत्रं हातात घेतली. झेंडावंदन करायचं, जिलेबी खायची, लगेच बसमध्ये बसायचं.

"आणि पुढचा रविवार शेवटची सभा," ते म्हणाले. "मैथिली, तू तोवर वायनरीचं नक्की कर. एकदा जाऊन आलो की सभांचं काम नाही. रविवारी माणसाला आपलं घर असतं हो!"

"हो," काका म्हणाले. "असतं."

त्या दिवशी त्यांनी चहा न फिरवता, न हुंगता सरळ पिऊन टाकला. मला वाटलं, वय झालं.

वायनरीला मी ईमेल केले. उत्तर येईना. मग फोन करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. अनोळखी माणसाला फोन करणं हा माझ्यासाठी कसाऱ्याचा घाट आहे. मी वाक्यं पाठ केली, पाणी प्यायले, दोनदा फोन लावून कापला. शेवटच्या सभेच्या दिवशी सकाळी, आता टाळणं शक्यच नव्हतं तेव्हा, तिसऱ्यांदा लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. मी तारीख सांगितली. ती हसू दाबत म्हणाली, "मॅम, सव्वीस जानेवारीला ड्राय डे असतो. मळा फिरून बघता येईल, पण टेस्टिंग होणार नाही. वाईन मिळणारच नाही."

फोन ठेवला आणि मला हसू फुटलं. ज्यांच्या घशाखाली कधी उतरत नाही, त्यांना ड्राय डे कसे आठवणार? बाबा समितीत असते तर जागच्या जागी ओरडले असते. राऊत काकू, भिडे काका, शाह अंकल, सगळे सज्जन. पण मांजरेकर काका? ज्यांच्या टेबलावरून ड्राय डेचा कागद गेल्याशिवाय मुंबई तहानलेली राहत नव्हती, ते? दोन वर्षं हुंगून हुंगून माणसाने वाईन पिण्यासाठी दिवस निवडला, तो नेमका वाईन न मिळण्याचा! मला इतका आनंद झाला होता की त्याची थोडी लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. दोन वर्षांचे रविवार गेले होते माझे. सगळ्यांसमोर बोलणं मला जमणार नव्हतं. म्हणून ठरवलं, लवकर वर जायचं, काकांना एकट्यांना सांगायचं, आणि मग ते स्वतःच्या तोंडाने सभेत कसं सांगतात, ते आपल्या खाचेत बसून आरामात बघायचं.

छतावर खर्रर्र सुरूच होतं. मी वर गेले. दार सताड उघडं होतं.

काका पाठमोरे होते. खोलीत खुर्च्या अजून इकडे तिकडे होत्या, आणि ते शोकेस ढकलत होते. दोन्ही हात लावून, खांद्याने रेटून. थोडं सरकवायचं, मागे येऊन बघायचं, पुन्हा रेटायचं. शोकेस आणि फ्रिज यांच्यात जागा झाली. मग त्यांनी एक खुर्ची उचलून त्या जागेत ठेवली, स्वतः तिच्यात बसले, आणि मान वळवून भिडे काकांच्या खुर्चीकडून आपण दिसतो का ते पाहिलं. दिसत असावेत. उठले आणि शोकेस अजून वीतभर पुढे ओढलं.

खोलीत जागा होती. भरपूर होती. खिडकीशी दोन खुर्च्या सहज मावल्या असत्या.

मी दारात तशीच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं तेव्हा ते जरा ओशाळले आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "लवकर आलीस. पोहे अजून भिजताहेत."

मी पाठ केलेलं वाक्य बोलून टाकलं. "काका, मी वायनरीला फोन केला. सव्वीस जानेवारीला ड्राय डे असतो."

मला वाटलं, ते दचकतील. कपाळावर हात मारतील. ते स्वयंपाकघरात गेले आणि कोथिंबीर निवडायला लागले. मी दारापर्यंत गेले.

"असतो," ते म्हणाले. "पंधरा ऑगस्टला असतो, दोन ऑक्टोबरला असतो. सव्वीस जानेवारीला असतोच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कॉन्व्हेंट, दुसरं काय माहीत आहे मला?"

"मग तुम्ही..."

ते कोथिंबिरीची एकेक काडी बाजूला करत होते. चांगलीही बाजूला करत होते. "भिड्यांनी तारीख मागितली, तारीख दिली. ऐनवेळी कुणाला तरी कळलं असतं. हसले असते थोडे. मग पुन्हा दुसरी तारीख बघावी लागली असती." जरा थांबून म्हणाले, "फेब्रुवारीत द्राक्षं जास्त गोड असतात."

ओट्यावर पोह्यांची मोठी परात होती. चार माणसांना फार जास्त. भिजवलेले पोहे त्यांनी वरून हाताने सारखे केले, आणि माझ्याकडे न बघता, मी आजवर त्यांच्या तोंडून फक्त छतातून ऐकलेल्या भाषेत विचारलं, "तू सांगतलंस काय गो त्येंका?"

खाली लिफ्टचं दार वाजलं.

भिडे काका आले ते उत्साहात. शेवटची सभा म्हणून त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. राऊत काकू, शाह अंकल, सगळे आपापल्या जागी बसले. मी माझ्या खाचेत. शोकेसच्या काचेआड ते फुलाफुलांचे ग्लास होते आणि त्यांच्यामधून मला काकांचा अर्धा चेहरा दिसत होता. ते बशा वाटत होते. माझ्यापाशी आले, बशी दिली आणि काही न बोलता पुढे गेले.

"हं, तर मैथिली," भिडे काका म्हणाले. "वायनरीचं नक्की? बोल, म्हणजे समिती विसर्जित करून मोकळे होऊ."

सगळे वळले. शोकेसच्या आडून दिसावं म्हणून राऊत काकू तर अर्ध्या उठल्या. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. काका चहाच्या ट्रेवर वाकले होते आणि वाकलेलेच राहिले.

"सव्वीसला त्यांच्याकडे जागा नाही," मी म्हटलं. "फुल आहे."

"म्हणजे? आता परत तारीख?"

"फेब्रुवारीत या म्हणाले. तेव्हा द्राक्षं जास्त गोड असतात."

"फेब्रुवारीत माझ्या भाचीचं लग्न," राऊत काकू लगेच म्हणाल्या.

"मग मार्चमध्ये!"

"मार्च में तो मर जाएंगे धूप में," शाह अंकल.

भिडे काकांनी हात वर केला. "एक मिनिट, एक मिनिट. मुळात समिती आज बरखास्त होणार होती. माझ्या मते आता हा विषयच..."

मला पुढचं वाक्य येत होतं. मी ते पाठ केलेलं नव्हतं, तरी येत होतं.

"भिडे काका, एकच वायनरी बघायची की दोन?"

एकदम सगळे बोलायला लागले.

"दोन! एवढ्या लांब जाऊन एकच काय?"

"दोन म्हणजे दोनदा थुंकायचं? मी नाही थुंकणार हं, आत्ताच सांगते."

"चीज किधर मिलता है, वो वाली देखो. एक वाईन वाली, एक चीज वाली."

"दोन घ्यायच्या तर आधी कुठली, हे ठरवावं लागेल," भिडे काका म्हणाले. त्यांनी पोह्यांची बशी पुन्हा हातात घेतली होती. "क्रम महत्त्वाचा आहे. उगाच गोंधळ नको."

"मग हा मुद्दा," मी म्हटलं, "पुढच्या रविवारी घेऊ या का?"

कुणी हरकत घेतली नाही. सगळे चीजवर भांडत होते. पोह्यांत मीठ नव्हतं, हे शाह अंकलनी दुसऱ्या बशीला जाहीर केलं आणि तिसरी मागितली.

काका आपल्या खुर्चीत बसले. कप हातात घेतला. गोल गोल फिरवला. खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग नाक आत घातलं, आणि या वेळी ते बाहेर काढलंच नाही. डोळे मिटलेले, चेहरा कपात, खांदे जरा वाकलेले. निकाल काही आला नाही. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. माझ्या खुर्चीतून सगळं दिसतं.